जंगलात वेगळाच कोळी दिसला, आता पुढे काय काय करायचं?

जून संपत आला की आमच्या ग्रुपवर दर रविवारी रात्री एक तरी फोटो पडतोच, पानावर बसलेला करंगळीच्या नखाएवढा कोळी, फोटो थोडा हललेला, आणि खाली "न्यू स्पीशीज आहे का???" मग कोणीतरी जाणकार एका शब्दात उत्तर देतो, "पिल्लू", आणि विषय संपतो. मी स्वतः असे सात-आठ फोटो टाकलेत आणि तेवढ्याच वेळा हे उत्तर ऐकून गप्प बसलोय, त्यामुळे खालचं सगळं शहाणपण ठेचा लागून आलेलं आहे असं समजा.

पण नवीन कोळी खरंच सापडतात आणि त्यासाठी फार लांबही जावं लागत नाही. २०२१ मध्ये आर्थ्रोपोडा सिलेक्टा या रशियन जर्नलमध्ये एकाच पेपरात आपल्याकडचे दोन जंपिंग स्पायडर (उडी मारून शिकार करणारे कोळी) आले, एक आरे कॉलनीतला फिन्टेला चोळकेई आणि दुसरा ठाणे-कल्याण पट्ट्यातला इशियस तुकारामी, म्हणजे २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या नावाचा. त्याच वर्षी आरेतली ८१२ एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली, आणि ही जागा गोरेगाव स्टेशनवरून बस पकडून जाण्यासारखी! जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या प्रजातींचा आकडा एप्रिल २०२२ मध्ये ५०,००० च्या वर गेला आणि अजून वाढतोच आहे. तेव्हा तुमचा कोळी नवीन असूही शकतो. फक्त "असू शकतो" पासून "आहे" पर्यंत जायला साधारण दोन पावसाळे जातात, आणि त्यातला जंगलातला भाग अगदी थोडा, बाकी सगळं टेबलावरचं काम.

आधी परवानगी, मग छत्री

हा कंटाळवाणा भाग आहे म्हणून लोक शेवटी करायला जातात आणि तिथेच अडकतात. बघणं, फोटो काढणं वेगळं आणि डबीत भरून घरी आणणं वेगळं. राखीव जंगल असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, डीएफओ (विभागीय वन अधिकारी) ऑफिसपासून सुरुवात करायची. अभयारण्य किंवा नॅशनल पार्क असेल तर वन्यजीव कायदा १९७२ लागू होतो आणि महाराष्ट्रात तो अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे जातो. अर्जात कुठे, कधी, किती नमुने, कुठल्या पद्धतीने आणि शेवटी ते कुठे जमा करणार हे सगळं लिहावं लागतं. एकट्या माणसाच्या नावाने हे फार रखडतं, त्यापेक्षा झूलॉजी डिपार्टमेंट असलेलं एखादं कॉलेज किंवा संशोधन संस्था यांच्यातला कोळ्यांवर काम करणारा माणूस गाठा आणि त्यांच्यासोबत अर्ज करा, पुढे मायक्रोस्कोपही त्यांचाच लागणार आहे. परवानगीचा नंबर पेपरात छापायचा असतो. तो नसेल तर चांगलं जर्नल पेपर दारातूनच परत पाठवतं, आणि "आधी नमुना आणला, परवानगी नंतर काढली" हे तारखांवरून लगेच कळतं.

जिवंत असतानाच फोटो

अल्कोहोलमध्ये गेला की कोळ्याचा रंग जातो, हिरवा तर सगळ्यात आधी. म्हणून जिवंत असताना वरून, समोरून (डोळ्यांची मांडणी दिसली पाहिजे), बाजूने आणि जमलं तर पोटाखालून असे फोटो काढा. मोबाइलला क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स लावली तरी चालतं. सोबत कुठल्या झाडावर होता, पानाच्या वर की खाली, जमिनीपासून किती उंच, जाळं होतं का, वेळ काय, जीपीएस किती, हे सगळं तिथेच वहीत लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की सगळी झाडं करवंदाची होतात.

पकडायचं कसं

महागडं काही लागत नाही. झुडपाखाली उलटी छत्री धरायची, शक्यतो पांढरी किंवा फिक्या रंगाची, आणि फांदीवर काठीने दोन-तीन टोले द्यायचे, छत्रीत काय काय पडतं ते बघून पहिल्या वेळी माणूस खुळावतोच. पालापाचोळा चाळणीने पांढऱ्या चादरीवर चाळायचा. रात्री डोक्याला टॉर्च लावून फिरलात तर लांडगा-कोळ्यांचे डोळे गवतात हिरवट चमकतात, थेट चालत जाऊन वरून डबी ठेवायची. उचलताना चिमटा शक्यतो नको, पाय तुटतात. एका डबीत एकच कोळी, दोन टाकलेत तर घरी पोचेपर्यंत एकच उरतो आणि तो जास्त जाडा असतो.

आणि ढिगाने गोळा करू नका. दोन-तीन नर, दोन-तीन माद्या मिळाल्या तर पुष्कळ झालं.

पिल्लू की प्रौढ, इथे निम्मे लोक गळतात

कोळ्याची प्रजात रंगावरून किंवा नक्षीवरून ठरत नाही, ती ठरते जननेंद्रियांवरून. नराला तोंडाजवळ दोन छोट्या हातांसारखे अवयव असतात, पाल्प म्हणतात, त्यांची टोकं प्रौढ नरात गुंतागुंतीची होतात, कुठे हुक, कुठे काटा, कुठे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी. बहुतेक कोळ्यांच्या प्रौढ मादीला पोटाखाली एपिगाइन नावाची एक कडक चकती असते. पिल्लात यातलं काहीच तयार नसतं, म्हणून ग्रुपवरचा तो माणूस "पिल्लू" एवढंच म्हणून गप्प बसतो, त्याला पुढे बोलायला मटेरियलच नसतं.

पाल्पचं टोक फुगलेलं आहे, बॉक्सिंग ग्लोव्हसारखं, पण गुळगुळीत आहे, तर तो नर एका कातीवर आहे, म्हणजे अजून एकदा कात टाकली की प्रौढ. अशाला मारू नका, पाळा. छोट्या पारदर्शक डबीला भोकं पाडायची, ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा आणि खायला पिकलेल्या केळ्यावरच्या चिलटी. आठवड्यातून दोनदा खायला दिलं तरी भागतं. एक दिवस डबीत रिकामी कात पडलेली दिसते आणि शेजारी तयार पाल्पवाला नर. घरचे आधी ओरडतात, मग तेच "आज जेवला का" विचारायला लागतात. कात फेकू नका, तीही तारीख घालून ठेवा.

अल्कोहोल आणि ते भिकार लेबल

नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा. इथेनॉल कुठल्याही दुकानात असं मागून मिळत नाही, परवान्याचा मामला आहे, म्हणून परत तीच संस्था. सॅनिटायझर ओतून बघायचा मोह टाळा. डीएनए करायचा विचार असेल तर उजव्या बाजूचे एक-दोन पाय काढून ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये फ्रीझरला टाका. डावी बाजू शाबूत ठेवा कारण पाल्पची चित्रं सहसा डाव्याचीच काढतात.

आता लेबल. माझ्या पहिल्या सीझनचे चौदा नमुने मी बॉलपेनने सुबक अक्षरात लेबलं लिहून कुप्यांमध्ये टाकले होते, गाव, तारीख, झाड, उंची, सगळं. दिवाळीनंतर डबा उघडला तर चौदा कुप्यांमध्ये फिकट निळं पाणी आणि चौदा कोरे कागद. कोळी एकदम झकास, फक्त कुठून आले ते कोणालाच माहीत नाही. त्यातला एक खरंच वेगळा होता असं अजून वाटतं, पण जागा-तारीख नसलेला नमुना वर्णनाच्या कामाचा नाही. तेव्हा साधी शिसपेन्सिल किंवा पाण्यात-अल्कोहोलमध्ये न विरघळणारी ड्रॉइंग इंक, जाड कागद, आणि लेबल कुपीच्या आत. बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं, आणि नेमकं शेजारच्या कुपीला चिकटतं.

जागेचं एवढं का, तर एक किस्सा बघा. तो निळाशार झाडावरचा टॅरेंटुला, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये वर्णन केला तो एकाच नमुन्यावरून, आणि तो नमुना मिळाला होता आंध्रातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत. लाकडाबरोबर कुठून तरी आलेला असणार. त्यानंतर शंभर वर्षं तो कोणाला जंगलात दिसलाच नाही, २००१ मध्ये दिसला तो गुत्तीपासून साधारण १०० किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. लेबलावर गुत्ती बरोबरच लिहिलं होतं, तरी शंभर वर्षं गेली. माझ्या लेबलावर तर काहीच नव्हतं.

नवीन आहे हे ठरवायचं कसं

खरं काम इथून. नवीन म्हणजे काय, तर आजवर ज्याला कोणीच नाव दिलं नाही असा, म्हणजे तुम्हाला आधी नाव दिलेले सगळे जवळचे कोळी एकेक करून बाद करायचे आहेत. सुदैवाने कोळ्यांचं एक फार चांगलं आहे, वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग. स्वित्झर्लंडमधलं बर्नचं म्युझियम चालवतं, फुकट आहे, आणि रजिस्टर केलं की जुने पेपरसुद्धा वाचायला मिळतात. फुलपाखरंवाले आपल्यावर जळतात यावरून.

पहिल्यांदा कुळ (फॅमिली) ठरवा, मग वंश (जीनस). डोळ्यांची मांडणी, पायाच्या टोकाला नख्या दोन की तीन, जबड्याचे दात यावरून कुळ बऱ्यापैकी कळतं. वंश कळला की कॅटलॉगमध्ये त्या वंशातल्या भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, चीन इथल्या सगळ्या प्रजातींची यादी काढा आणि प्रत्येकाचं पाल्प किंवा एपिगाइनचं चित्र प्रिंट करून समोर लावा. फक्त भारताची यादी बघून थांबू नका, कोळी पासपोर्ट घेऊन फिरत नाहीत. यादीत वीस-पंचवीस प्रजाती असतील तर दोन आठवडे धरा.

अडचण येते जुन्या वर्णनांची. पोकॉकचा १९०० सालचा ब्रिटिश इंडियावाला खंड, बी. के. टिकादरांचे १९८० आणि १९८२ चे खंड, या पायावरच आपण उभे आहोत, पण जुन्या काळी कित्येकदा दोन ओळीत "तपकिरी, पायावर काटे" एवढंच लिहिलेलं असतं, चित्र नाही, किंवा आहे ते अगदी जुजबी. अशा वेळी मूळ नमुना, टाइप, बघावा लागतो, तो कोलकात्याला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे (झेडएसआय) असेल नाहीतर लंडनच्या म्युझियममध्ये. नम्रपणे मेल लिहून फोटो मागायचे, उत्तर यायला वेळ लागतो, येतं मात्र बऱ्याचदा. ही पायरी गाळून पेपर काढला तर चार वर्षांनी कोणीतरी दाखवून देतो की तुमची नवीन प्रजात १८९५ सालचीच आहे, मग तुमचं नाव जुन्या नावाखाली समानार्थी म्हणून पडून राहतं.

अजून एक खड्डा म्हणजे नर आणि मादी. जंपिंग स्पायडरमध्ये दोघं इतके वेगळे दिसतात की एकाच कोळ्याला दोन नावं मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. एकाच झुडपावर मिळाले म्हणून जोडपं धरू नका, शेजारी असतील. मीलन करताना पाहिले असतील किंवा डीएनए जुळला असेल तर गोष्ट वेगळी.

मायक्रोस्कोपखाली

स्टिरिओ मायक्रोस्कोप लागेल. पेट्री डिशमध्ये बारीक वाळू किंवा जेल, वर अल्कोहोल, त्यात कोळी हवा तसा टेकवून ठेवायचा. नराचा डावा पाल्प काढून खालून आणि बाहेरच्या बाजूने फोटो. मादीचं एपिगाइन बारीक सुईने कापून काढायचं आणि आतल्या नळ्या दिसाव्यात म्हणून आजूबाजूचं मांस विरघळवायचं, लॅक्टिक अॅसिडमध्ये किंवा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. पहिल्यांदा करताना लॅक्टिक घ्या, ते हळू चालतं, दुसऱ्यात दोन मिनिटं फोन घ्यायला गेलात तर परत येऊन बघायला काही उरत नाही. मग लवंगेच्या तेलाच्या थेंबात ठेवलं की ती तिळापेक्षा लहान चकती काचेसारखी पारदर्शक होते, आत पिळदार नळ्या आणि दोन गोल पिशव्या दिसायला लागतात, आणि खोलीभर दाताच्या डॉक्टरचा वास. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि उठवून दाखवावं असं घरात कोणीच नव्हतं.

एका फोटोत सगळं फोकसमध्ये येत नाही, म्हणून वीस-तीस फोटो थोडा थोडा फोकस सरकवत काढायचे आणि सॉफ्टवेअरने एकत्र करायचे. तरीही हाताने चित्र काढाच, टॅबवर फोटोवरून गिरवलं तरी चालेल, कारण गिरवताना जे दिसतं ते नुसतं बघताना दिसत नाही.

मापं सगळी मिलिमीटरमध्ये. कॅरापेसची (शरीराच्या पुढच्या भागावरच्या कडक पाठीची) लांबी-रुंदी, पोटाची लांबी-रुंदी, प्रत्येक डोळ्याचा व्यास, डोळ्यांमधली अंतरं, प्रत्येक पायाचा प्रत्येक भाग. पायांच्या लांबीचा क्रम आकड्यात लिहितात, ४१३२ म्हणजे चौथा सगळ्यात लांब, मग पहिला, मग तिसरा, मग दुसरा. झूम बदललं की मोजपट्टी परत कॅलिब्रेट करायची, हे विसरल्यामुळे माझा एक कोळी कागदावर आठ दिवस खऱ्याच्या दुप्पट होता.

लिहायचं काय

भागांचा क्रम ठरलेला असतो, चांगल्या जर्नलमधला त्याच वंशावरचा ताजा पेपर समोर ठेवा आणि तोच सांगाडा वापरा. सगळ्यात जास्त जीव लावायचा तो डायग्नोसिसवर, म्हणजे तीन-चार ओळी ज्यात तुम्ही म्हणता की हा अमक्याच्या जवळचा आहे पण पाल्पचा काटा सरळ नसून टोकाला वाकलेला आहे, पिशव्या गोल नसून लांबट आहेत. "रंग वेगळा आहे" ही डायग्नोसिस नव्हे. बाकी वर्णन लांबलचक आणि कोरडं असतं, असू दे, ते कादंबरीसारखं वाचायला कोणी घेत नाही.

एक नमुना होलोटाइप म्हणून निवडायचा, नाव कायमचं त्या एकाच कोळ्याला बांधलेलं राहतं, बाकीचे पॅराटाइप. होलोटाइप कुठल्या संग्रहात, कुठल्या नंबरने ठेवला हे लिहायचंच. आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३९ आहे, नवीन प्रजात सापडली की ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो, प्राण्यांसाठी ती जागा म्हणजे झेडएसआय. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, चौकशीला तिथे जा. नमुना कपाटात ठेवून "आमच्या कलेक्शनमध्ये आहे" म्हणणं चालत नाही. आणि बाहेरच्या देशातल्या दोस्ताला कुरिअरने पाठवायचा विचारही नको, त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या वेगळ्या परवानग्या लागतात.

टॅरेंटुला किंवा ट्रॅपडोअर (बिळाला झाकण करून राहणारा कोळी) असेल तर अक्षांश-रेखांश अगदी बिळापर्यंत छापू नका. पाळायला विकणारे लोक पेपर आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात. तालुका लिहा, बिळाचा पत्ता संग्रहालयाकडे राहू दे.

बारसं

सगळ्यांना याचीच घाई असते. नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचे, चौथी आवृत्ती, २००० पासून लागू. माणसाच्या नावावरून ठेवायचं तर पुरुषाला शेवटी "इ" लागतो, तुकाराम वरून तुकारामी, बाईचं नाव असेल तर "ए", अनेक जण असतील तर "ओरम". गावावरून ठेवलं तर "एन्सिस", जसा २००५ मधला मुंबईचा ट्रॅपडोअर कोळी इडिऑप्स बॉम्बेएन्सिस. नुसतं नामही जसंच्या तसं चालतं, पुण्याच्या बाणेर टेकडीवरच्या एका जंपिंग स्पायडरचं नावच टेकडी ठेवलंय, ओकिनाविशियस टेकडी, मला तर हे सगळ्यात आवडलं. विशेषण वापरलं तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, तिथे एखाद्या लॅटिन येणाऱ्याला विचारा. स्वतःचं नाव देऊ नका. नियमात बंदी नाही, पण लोक जन्मभर हसतात.

जाता जाता, सगळ्या प्राण्यांची नावं १७५८ च्या लिनियसपासून मोजतात, पण कोळ्यांना अपवाद आहे, स्वीडनच्या कार्ल क्लर्क या अभ्यासकाने १७५७ मध्येच त्यांची नावं छापली होती ती ग्राह्य धरतात. तेवढं एक वर्ष आपण पुढे.

आणि पेपर येईपर्यंत नाव कुठेही टाकू नका, ना स्टेटसला, ना वर्तमानपत्रातल्या मित्राला. वर्णनाशिवाय बाहेर पडलेल्या नावाला किंमत नसते, वर गोंधळ होतो तो वेगळाच.

पाठवणं

झूटॅक्सा, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, जंपिंग स्पायडर असेल तर पेकहॅमिया, असे पर्याय आहेत. "तीन दिवसांत छापतो, अमुक रुपये भरा" अशी मेल आली तर डिलीट. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार पेपर आधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदवलेला आणि त्याचा पुरावा पेपरातच छापलेला असावा लागतो, नाहीतर नाव वैध धरत नाहीत, हे जर्नलवाले सहसा बघतात पण तुम्हीही बघा. परीक्षकांचे शेरे पहिल्यांदा वाचताना राग येतो, दोन दिवस मेल बंद ठेवा आणि मग वाचा, दहापैकी आठ मुद्दे बरोबर असतात. एकाने मला फक्त एवढंच विचारलं होतं, "चित्र ३ मधला पाल्प डावा की उजवा?" बघितलं तर उजवा, आरशासारखा उलटवायचा राहिलेला.

पेपर आला की काही दिवसांनी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये नाव चढतं. तिथे नावापुढे फक्त नराचं चिन्ह दिसत असेल तर मादी अजून कोणाला माहीत नाही असा त्याचा अर्थ. म्हणजे पुढच्या जुलैत परवानगीचं नूतनीकरण करून, तीच छत्री घेऊन, त्याच झुडपापाशी, आणि या वेळी खिशात पेन्सिल.